स्टेरॉइड थांबलं की दमा परत: बुरशीची ॲलर्जी कशी शोधायची आणि पुढे काय करायचं

तक्रार साधारण अशी असते. दमा जुना आहे, पंप चालू आहे, तरी दर दोन-तीन महिन्यांनी छाती भरते. डॉक्टर पाच-सात दिवस स्टेरॉइडच्या गोळ्या देतात. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीच माणूस ताजातवाना होतो. गोळ्या संपतात, काही आठवडे बरे जातात आणि एका पहाटे पुन्हा घरघर, खोकला, उशीला टेकून बसून राहणं. परत तोच कोर्स. वर्षातून दोन किंवा जास्त वेळा हे होत असेल, तर त्याला आटोक्यात असलेला दमा म्हणत नाहीत. मग पंपाचा डोस आणखी चढवण्याआधी एक प्रश्न विचारून घ्यावा: या दम्यामागे बुरशीची ॲलर्जी तर नाही?

हा प्रश्न उशिरा विचारला जातो, कारण ही ॲलर्जी नेहमीच्या ॲलर्जीसारखी वागत नाही. मांजराची ॲलर्जी असेल तर मांजर जवळ आलं की शिंका आणि लांब गेलं की आराम, असा सरळ हिशोब लागतो. बुरशीचे बीजाणू बारा महिने हवेत असतात, डोळ्यांना दिसत नाहीत आणि एक प्रकार तर थेट श्वासनलिकेतल्या कफात मुक्काम ठोकतो. तिथे घर बदलून, गाव बदलूनही फरक पडत नाही. मग रुग्णही म्हणतो, 'मला कशाचीच ॲलर्जी नाही, नुसता दमा आहे.'

पुढचं वाचण्याआधी एक गोष्ट. आत्ता या क्षणी धाप लागून एक वाक्य सलग बोलता येत नसेल, ओठ किंवा नखं निळसर दिसत असतील, पंपाचे पफ घेऊनही उतार पडत नसेल किंवा माणूस गुंगल्यासारखा झाला असेल, तर तातडीच्या विभागात जा. शोधाशोध नंतर करता येते.

आधी पंप, मग बुरशी

कंटाळवाणं वाटलं तरी सुरुवात इथूनच करायची. दमा आटोक्यात न येण्याचं सगळ्यात जास्त वेळा सापडणारं कारण बुरशी नसतं. औषध फुप्फुसापर्यंत पोचतच नाही, हे असतं.

फवाऱ्याचा पंप आणि पावडर ओढायचं उपकरण, दोन्हींची पद्धत एकमेकांच्या उलट आहे. फवाऱ्याचा पंप आधी हलवायचा, श्वास पूर्ण सोडायचा, ओठ घट्ट मिटायचे, सावकाश आत ओढायला लागतानाच दाबायचं, ओढत राहायचं आणि मग दहा सेकंद श्वास धरून ठेवायचा. पावडरचं उपकरण मात्र पहिल्या क्षणापासून जोरात आणि खोल ओढावं लागतं, नाहीतर पावडर सुटून आत जातच नाही. अनेकांकडे दोन्ही असतात आणि पद्धतींची अदलाबदल झालेली असते. आरशासमोर उभं राहून पंप घ्या. तोंडाच्या कोपऱ्यातून किंवा नाकातून धुरासारखी वाफ बाहेर येताना दिसली, तर तो पफ वाया गेला. स्पेसर (पंप आणि तोंड यांच्यामधली पोकळ नळी) लावला की दाबणं आणि ओढणं अचूक जुळवण्याची कसरत वाचते. मोठ्या माणसांनी तो वापरण्यात कमीपणा मानण्याचं कारण नाही.

आणखी एक नेहमीची फसगत म्हणजे रिकामा डबा. औषध संपलं तरी आतला वायू शिल्लक असतो, त्यामुळे फुस्स आवाज येत राहतो आणि पंप चालू आहे असं वाटतं. हलवून किंवा पाण्यात टाकून अंदाज घेण्यात अर्थ नाही. मागे डोसचा आकडा दाखवणारी खिडकी असेल तर ती बघा, नसेल तर सुरू केल्याची तारीख डब्यावर लिहून ठेवा. महिन्याचा पंप तीन महिने पुरतोय, असं लक्षात आलं तर निदान तिथेच झालं.

त्यानंतर बाकीचे नेहमीचे संशयित भराभर तपासून घ्या: सिगारेट आणि इतरांचा धूर, सतत वाहणारं किंवा चोंदलेलं नाक, सायनस, घशाशी येणारं आम्ल. रक्तदाबाच्या गोळ्यांमध्ये बीटा ब्लॉकर आहे का, हे विचारा. काचबिंदूसाठी दिलेले टिमोलॉलचे डोळ्यांचे थेंबही दमा बिघडवू शकतात, आणि डोळ्यांचं औषध छातीच्या डॉक्टरांना सांगायचं कुणाच्या लक्षात राहत नाही. काहींना ॲस्पिरिन किंवा तत्सम वेदनाशामकांनी त्रास होतो.

दमा खरंच बेताबाहेर आहे का, हे मोजायला चार प्रश्न पुरतात. गेल्या चार आठवड्यांत दिवसा त्रास आठवड्यातून दोनपेक्षा जास्त वेळा झाला का? रात्री दम्याने जाग आली का? आराम देणारा पंप आठवड्यातून दोनपेक्षा जास्त वेळा लागला का? दम्यामुळे काही काम सोडावं लागलं का? तीन किंवा चार प्रश्नांना 'हो' असेल तर दमा नियंत्रणात नाही. पंप नीट घेऊन, नियमित घेऊन, वरच्या गोष्टी सुधारूनही उत्तर तेच येत असेल, तर मग बुरशीकडे वळायचं.

बुरशीकडे बोट दाखवणाऱ्या खुणा

सगळ्यात बोलकी खूण कफात असते. नेहमीचा दम्याचा कफ पांढरट, चिकट, तार धरणारा. बुरशीच्या ॲलर्जीत मात्र कधीकधी खूप खोकल्यानंतर एक वेगळाच तुकडा बाहेर येतो: तपकिरी किंवा मातकट रंगाचा, रबरासारखा घट्ट, ओढला तर तुटत नाही, काही वेळा बारीक फांदीच्या आकाराचा, कारण तो ज्या श्वासनलिकेत अडकून बसला होता तिचाच साचा असतो. तो पडल्यावर छाती मोकळी झाल्यासारखी वाटते. लोक किळस येऊन टिश्यूत गुंडाळून टाकून देतात आणि डॉक्टरांना सांगत नाहीत. टाकू नका. फोटो काढा, जमलं तर स्वच्छ डबीत घालून त्याच दिवशी दवाखान्यात द्या. या एका तुकड्याने महिनोन्‌महिने अडलेली दिशा सापडू शकते. अर्थात, असा तुकडा कधीच पडला नाही म्हणून बुरशी नाही, असं ठरत नाही. बऱ्याच जणांत तो दिसत नाही.

दुसरी खूण एक्स-रेची. दर वेळी छातीत डाग दिसतो, पण जागा बदलते. मागच्या वेळी उजवीकडे वर, या वेळी डावीकडे. 'न्यूमोनिया' म्हणून अँटिबायोटिक दिलं जातं आणि सोबत दिलेल्या स्टेरॉइडने डाग विरतो. जिथे क्षयरोग जास्त आहे तिथे याच डागांवर, थुंकीत जंतू सापडलेले नसताना, टीबीची औषधं सुरू झाल्याची उदाहरणं वैद्यकीय साहित्यात भरपूर आहेत. दम्याच्या रुग्णाला जंतू न सापडता टीबीचे उपचार दिले गेले असतील आणि खोकला तसाच असेल, तर ही फाईल बुरशीच्या नजरेने पुन्हा उघडायला हवी.

बाकीच्या खुणा सुट्या सुट्या सौम्य वाटतात, एकत्र आल्या की वजन येतं. ओलसर, कुबट वासाच्या खोलीत गेल्यावर छाती आवळणं. पाऊसवाऱ्याच्या किंवा गडगडाटी वादळाच्या दिवशी अचानक मोठा ॲटॅक. वाळलेल्या पानांचा ढीग उपसल्यावर, कंपोस्ट हलवल्यावर, जुनं साठवलेलं धान्य किंवा गवत झटकल्यावर रात्री त्रास. रक्ताच्या साध्या तपासणीत इओसिनोफिल (ॲलर्जीत वाढणाऱ्या पांढऱ्या पेशी) पुन्हा पुन्हा वाढलेले. आणि सुरुवातीला सांगितलेलं ते चक्र, गोळ्या चालू असेपर्यंत उत्तम आणि थांबल्यावर घसरण.

दोन बुरशा, दोन वागणुकी

सगळ्या बुरशा एका मापाने मोजता येत नाहीत. दम्यात दोन नावं मुख्य आहेत.

अल्टरनेरिया ही बाहेरच्या हवेतली बुरशी. पानं, पिकं, वाळकी झाडं यांवर वाढते. तिचे बीजाणू मोठे, साधारण २० मायक्रॉनच्या पुढचे, त्यामुळे बरेचसे नाका-घशातच अडतात. पण त्यांचे तुकडे खाली पोचतात. तरुण रुग्णांमधल्या जिवावर बेतलेल्या, श्वास बंद पडण्यापर्यंत गेलेल्या ॲटॅकशी तिचा संबंध १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दाखवला गेला. म्हणजे तिची ॲलर्जी असलेल्या माणसाचा धोका अचानक येणाऱ्या झटक्यांचा असतो.

अ‍ॅस्परजिलस फ्युमिगेटस वेगळी. तिचे बीजाणू दोन ते साडेतीन मायक्रॉनचे, म्हणजे थेट खोल फुप्फुसात जाणारे. आणि तिला शरीराचं ३७ अंशांचं तापमान छान मानवतं. कुजणाऱ्या कंपोस्टच्या ५० अंशांतही ती वाढते. निरोगी माणूस रोज असे बीजाणू ओढतो आणि शरीर ते साफ करतं. दमेकऱ्याच्या चिकट कफात मात्र ते अडकतात, अंकुरतात, धागे सोडतात. शरीराची रोगप्रतिकारशक्ती या धाग्यांवर ॲलर्जीच्या मार्गाने तुटून पडते: आयजीई (ॲलर्जीची अँटिबॉडी) वाढतं, इओसिनोफिल गर्दी करतात, कफ अधिक घट्ट होतो आणि बुरशीला आणखी जागा मिळते. हे वर्षानुवर्षं चाललं तर श्वासनलिका कायमच्या रुंद आणि निकामी होतात. त्याला ब्रॉन्किएक्टॅसिस म्हणतात, आणि ते मागे फिरत नाही. इतकी घाई कशासाठी, याचं उत्तर हेच.

या आजाराचं नाव ॲलर्जिक ब्रॉन्कोपल्मनरी अ‍ॅस्परजिलोसिस, बोलताना एबीपीए. ब्रिटनमधल्या डॉक्टरांनी त्याचं पहिलं वर्णन १९५२ मध्ये केलं. म्युकरमायकोसिस ऐकून घाबरलेल्यांसाठी एक खुलासा: इथे बुरशी मांस पोखरत नाही, ती कफात राहते आणि नुकसान मुख्यतः आपल्याच शरीराच्या प्रतिक्रियेने होतं. हा आजार एकाचा दुसऱ्याला लागतही नाही.

तपासण्या: कोणती आधी, केव्हा, आणि काय बिघडवतं

पहिली तपासणी एकच: रक्तातलं अ‍ॅस्परजिलस फ्युमिगेटसविरुद्धचं विशिष्ट आयजीई. ०.३५ किलोयुनिट प्रति लिटर किंवा अधिक असेल तर ॲलर्जी आहे असं धरतात. हे नकारात्मक आलं तर या बुरशीमुळे होणारं एबीपीए जवळजवळ बाजूला पडतं आणि बाकीचा खर्च वाचतो. पन्नास-साठ ॲलर्जन्सचं मोठं पॅनेल आधी करून घेण्यात मला तरी शहाणपण दिसत नाही. त्यात दहा-बारा गोष्टींवर अधिकचं चिन्ह येतं, माणूस पथ्यांच्या यादीत हरवतो आणि नेमकं अ‍ॅस्परजिलस त्यात आहे की नाही, हे कुणी पाहत नाही.

ते सकारात्मक आलं तर एकूण आयजीई. इथे आकड्यांचा घोळ होतो, म्हणून नीट सांगतो. आंतरराष्ट्रीय तज्ज्ञगटाच्या २०१३ च्या निकषांत एबीपीएसाठी १००० युनिट प्रति मिलिलिटरची मर्यादा होती. २०२४ च्या सुधारित निकषांत ती ५०० वर आणली. त्यामुळे ७०० आलेल्या रुग्णाला एक डॉक्टर 'एबीपीए नाही' म्हणतो आणि दुसरा 'आहे' म्हणतो, यात दोघंही आपापल्या निकषाने बरोबर असू शकतात. शिवाय एकूण आयजीई जंतांमुळे वाढतं, इसबामुळे वाढतं. नुसता मोठा आकडा बघून बुरशीचा शिक्का मारता येत नाही. विशिष्ट आयजीई सोबत हवंच.

मग जोडीला तीन गोष्टी बघतात, त्यांतल्या दोन जुळल्या तर निदान पक्कं होतं: अ‍ॅस्परजिलसविरुद्धचं आयजीजी (दुसऱ्या प्रकारची अँटिबॉडी), इओसिनोफिल दर मायक्रोलिटरला ५०० किंवा अधिक, आणि एक्स-रे किंवा सीटीमधले ठरावीक बदल. सीटीमध्ये रुंदावलेल्या श्वासनलिका आणि त्यांत अडकलेला कफ दिसतो. एक दृश्य मात्र खास या आजाराचं मानलं जातं: अडकलेला कफ शेजारच्या स्नायूपेक्षाही पांढरा, दाट दिसणं. रेडिओलॉजिस्टना आधी सांगितलं की बुरशीचा संशय आहे, तर ते ही दाटी मुद्दाम मोजतात. फॉर्मवर फक्त 'दमा' लिहिलं तर ती नजरेतून सुटू शकते.

तपासणी बिघडवणाऱ्या गोष्टी दोन. स्टेरॉइडच्या गोळ्या सुरू झाल्या की इओसिनोफिल एक-दोन दिवसांतच खाली येतात, त्यामुळे रक्त शक्यतो कोर्सच्या आधी द्यावं. ॲटॅकमध्ये गोळ्या थांबवून ठेवायच्या नाहीत; जुने रिपोर्ट काढा, मागच्या दोन-तीन वर्षांत कधी ५०० च्या वर गेले होते तेही धरलं जातं. दुसरी गोष्ट त्वचेच्या प्रिक टेस्टची, म्हणजे त्वचेवर थेंब टाकून हलकंसं टोचण्याची. ॲलर्जीच्या गोळ्या चालू असताना ती खोटी नकारात्मक येते, त्या काही दिवस आधी डॉक्टरांना विचारून थांबवाव्या लागतात. रक्तातल्या आयजीईला या गोळ्यांनी फरक पडत नाही.

थुंकीच्या कल्चरमध्ये अ‍ॅस्परजिलस वाढली, एवढ्यावरून काहीच ठरत नाही. ती हवेत सगळीकडे आहे, आणि एबीपीए असूनही कल्चर कोरं येऊ शकतं.

रिपोर्ट 'पॉझिटिव्ह' आला. म्हणजे नेमकं काय?

गोंधळ इथे सर्वांत जास्त. एकाच 'पॉझिटिव्ह'चे तीन अर्थ निघतात आणि तिघांचे उपचार वेगळे.

विशिष्ट आयजीई वाढलेलं, पण दमा आटोक्यात, सीटीची गरजच वाटू नये इतकी छाती स्वच्छ. ही नुसती संवेदनशीलता. उपचार दम्याचेच, बुरशीची औषधं नकोत. वर्षातून एकदा नजर टाकली तरी पुरे.

दमा तीव्र आहे, बुरशीची ॲलर्जी आहे, पण एकूण आयजीई आणि बाकी गोष्टी एबीपीएच्या निकषात बसत नाहीत. याला बुरशी-संवेदनशीलतेसह तीव्र दमा म्हणतात. ही संकल्पना २००६ मध्ये मांडली गेली. अल्टरनेरिया, क्लॅडोस्पोरियम, पेनिसिलियम अशा इतर बुरशांची ॲलर्जीही यात मोडते. बुरशीविरोधी औषधांचा इथला हिशोब अर्धामुर्धा आहे. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत इट्राकोनॅझोल ३२ आठवडे दिल्यावर सुमारे ६० टक्के रुग्णांचं दैनंदिन जीवन सुधारलं. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या चाचणीत व्होरिकोनॅझोलने काही फायदा दिसला नाही. म्हणून माझं मत असं की या गटात आधी दम्याचे पूर्ण उपचार आणि घरातली ओल, मग गरज पडली तर बायोलॉजिक इंजेक्शनं (ॲलर्जीच्या साखळीतली नेमकी कडी अडवणारी औषधं), आणि बुरशीविरोधी गोळ्या ठरावीक मुदतीची परीक्षा म्हणून. फरक पडला नाही तर बंद.

तिसरा अर्थ एबीपीए. इथे चालढकल नको.

औषधं आणि त्यांतले खड्डे

एबीपीएच्या पहिल्या उपचारासाठी दोन रस्ते आहेत: प्रेडनिसोलोन (स्टेरॉइडची गोळी) किंवा इट्राकोनॅझोल (बुरशीविरोधी औषध), साधारण चार महिने. चंदीगडच्या पीजीआय या वैद्यकीय संस्थेत दोन्हींची समोरासमोर तुलना झाली. प्रेडनिसोलोनने अधिक जणांना गुण आला, पण इट्राकोनॅझोलनेही बहुसंख्य सुधारले आणि दुष्परिणाम कमी झाले. मधुमेह, ठिसूळ हाडं, मोतीबिंदू असलेल्यांसाठी ही माहिती महत्त्वाची आहे. वारंवार उसळणाऱ्यांना दोन्ही एकत्र दिली जातात. म्हणजे सुरुवातीच्या चक्रातल्या पाच-सात दिवसांच्या कोर्सने काम का भागत नव्हतं, तेही कळतं. आग दबत होती, विझत नव्हती.

महिनोन्‌महिने चाललेलं प्रेडनिसोलोन एका दिवशी बंद करू नका. शरीराचं स्वतःचं स्टेरॉइड बनवणं मंदावलेलं असतं. डोस टप्प्याटप्प्यानेच उतरवावा लागतो.

इट्राकोनॅझोलकडे अधिक लक्ष द्यायला हवं, कारण 'औषध घेतलं पण लागू पडलं नाही' या तक्रारीचं मूळ अनेकदा ते घेण्याच्या पद्धतीत असतं. साध्या कॅप्सूलला विरघळायला पोटातलं आम्ल लागतं, म्हणून ती पोटभर जेवणानंतर लगेच घ्यायची. सोबत आम्लपित्ताची गोळी चालू असेल, आणि दम्याच्या रुग्णांत ती फार वेळा चालू असते, तर कॅप्सूल पुरेशी शोषलीच जात नाही. पातळ द्रावण असेल तर उलट, रिकाम्या पोटी. दोन आठवड्यांनी औषधाची रक्तातली पातळी तपासता येते. सोय असेल तर जरूर करा, नाहीतर चार महिने अंधारात जातात.

दुसरा खड्डा जास्त खोल आहे. इट्राकोनॅझोल यकृतातलं एक एन्झाइम अडवतं. पंपातलं ब्युडेसोनाइड आणि फ्लुटिकासोन याच एन्झाइमने मोडलं जातं. ते मोडलं गेलं नाही तर पंपातलं थोडंसं स्टेरॉइड रक्तात साचत जातं आणि गोळ्या न घेताही गोळ्यांचे परिणाम दिसू लागतात: चेहरा गोल होणं, वजन, साखर, त्वचेवर जांभळे ओरखडे, आतून मूत्रपिंडावरच्या ग्रंथी सुस्तावणं. मग 'मी तर फक्त पंप घेतो' म्हणणाऱ्या माणसाचा चेहरा का सुजला, हे कुणाला उमगत नाही. बेक्लोमेथासोनसारख्या पर्यायात हा धोका बराच कमी. पंप स्वतःहून बदलू किंवा बंद करू नका, पण इट्राकोनॅझोल लिहून दिलं जाताना हा प्रश्न तोंडाने विचारा. इंजेक्शन किंवा गोळीतल्या मिथिलप्रेडनिसोलोन या स्टेरॉइडलाही हेच लागू.

कोलेस्टेरॉलसाठीचं सिम्व्हास्टॅटिन, रक्त पातळ करणारं वॉरफेरिन, हृदयाच्या ठोक्यांची काही औषधं यांच्याशीही त्याचं जमत नाही. हृदय कमकुवत असलेल्यांना आणि गर्भवतींना ते टाळतात. यकृताच्या तपासण्या मध्ये मध्ये लागतात. चालू असलेल्या सगळ्या औषधांची, डोळ्यांच्या थेंबांसकट, एक यादी करून नेली तर यातले निम्मे अपघात टळतात.

ओमॅलिझुमॅब, मेपोलिझुमॅब, बेनरालिझुमॅब, ड्युपिलुमॅब ही इंजेक्शनं स्टेरॉइड सुटतच नाही अशा रुग्णांत वापरली जातात.

घरातली ओल

औषधांची जागा घर साफ करून भरून निघत नाही, पण रोज ओढले जाणारे बीजाणू कमी करणं आपल्या हातात आहे.

हवेतली बुरशी मोजणारी प्लेट किंवा किट विकत आणू नका. प्रत्येक घरात काही ना काही वाढतंच, आणि इतकी चालेल, तितकी नाही, असा सर्वमान्य आकडाच नाही. नाक आणि डोळे पुरतात. बाहेरच्या भिंतीला टेकवलेलं कपाट हातभर पुढे ओढा आणि मागे टॉर्च मारा. रंगाचे फुगलेले पोपडे, खालच्या कोपऱ्यातून वर चढत गेलेले काळे-हिरवे ठिपके, कपाटाच्या पाठीवर पांढरट पावडर, हात लावला तर गार. अनेक घरांत झोपणाऱ्याचं डोकं या जागेपासून काही फुटांवर असतं. मग गादीची खालची बाजू, बाथरूमचं छत, सिंकखालचा कप्पा, एसीचा फिल्टर आणि पाणी निथळायचा ट्रे, कूलरचे पॅड. नेब्युलायझरचा मास्क आणि औषधाची वाटी ओलीच पिशवीत भरून ठेवण्याची सवय असेल तर ती आज मोडा. धुवा, झटका, पूर्ण वाळू द्या. खोलीत ह्युमिडिफायर लावला असेल तर बंद करा.

ठिपक्यांवर रंग मारून उपयोग नाही, पाणी कुठून येतंय ते सापडलं पाहिजे: गळका पाइप, छताची भेग, बाहेरून तुंबलेली पन्हाळ, खोलीत वाळत घातलेले कपडे. भिजलेली वस्तू २४ ते ४८ तासांत कोरडी झाली तर बुरशी सहसा धरत नाही. हवेतली आर्द्रता ६० टक्क्यांच्या खाली ठेवायची. छोटा आर्द्रतामापक बेडरूममध्ये ठेवला की अंदाजांवर भांडणं होत नाहीत. टणक पृष्ठभाग साबणाच्या पाण्याने घासून कोरडे करा. बुरशी आतपर्यंत मुरलेली गादी, कार्पेट, पुठ्ठे टाकून द्या. ब्लीचची वाफ स्वतःच दमा चेतवते, आणि ते आम्ल किंवा अमोनियाच्या क्लीनरमध्ये मिसळलं तर विषारी वायू निघतो. सफाई दमेकऱ्याने करायची नाही, आणि ती चालू असताना त्याने त्या खोलीत थांबायचंही नाही. करणाऱ्याने एन-९५ मास्क आणि हातमोजे घालावेत. कोरड्या झाडूने ठिपके झटकणं म्हणजे ते मुठीने हवेत उधळणं.

मशरूम, यीस्टचे पदार्थ सोडल्याने बहुतेकांच्या छातीला काही फरक पडत नाही. खाल्ल्यावर स्पष्ट त्रास होत असेल तरच विचार करा.

उपचार चालू आहेत, आता आकडा कसा वाचायचा

एकूण आयजीई सामान्य पातळीवर येईल याची वाट बघू नका. बहुतेकांत ते येतच नाही, आणि आकडा सामान्य करायच्या नादात स्टेरॉइड वाढवत नेणं हा जुना आणि महागात पडणारा घोळ आहे. आठ आठवड्यांनी तपासा. लक्षणं निम्म्याने तरी कमी झाली आणि आयजीई २० टक्के किंवा जास्त उतरलं, तर उपचार लागू पडले. उदाहरणार्थ, ४००० चं २८०० झालं, तर २८०० भीतीदायक दिसलं तरी दिशा बरोबर आहे. पुढे उपचारांच्या शेवटी ज्या आकड्यावर ते स्थिरावतं, तो त्या माणसाचा नवा पाया. तो फाईलच्या पहिल्या पानावर तारखेसह लिहून ठेवा, कारण पुढचा प्रत्येक निर्णय त्याच्याशी तुलना करून होतो.

एबीपीए बऱ्याच जणांत पुन्हा उसळतं. पुन्हा त्रास सुरू झाल्यावर आयजीई त्या पायापेक्षा ५० टक्के किंवा जास्त चढलेलं असेल, तर एबीपीए उसळलं असं समजतात आणि उपचार नव्याने सुरू होतात. आकडा पायाच्या आसपासच असेल आणि छाती मात्र घरघरत असेल, तर तो साधा दम्याचा ॲटॅक किंवा जंतुसंसर्ग असण्याची शक्यता जास्त. त्यासाठी चार महिन्यांचा कोर्स लागत नाही. ही तुलना शक्यतो एकाच लॅबच्या रिपोर्टवर करा.

ओमॅलिझुमॅब घेणाऱ्यांना हा हिशोब लागू होत नाही. ते औषध आयजीईला चिकटून बसतं आणि तपासणीत एकूण आकडा उलट वाढलेला दिसतो, इंजेक्शन थांबल्यावरही कित्येक महिने. अशा वेळी लक्षणं, स्पायरोमेट्री (नळीत फुंकून फुप्फुसाची क्षमता मोजणं) आणि गरज पडली तर एक्स-रे किंवा सीटी यांवरूनच ठरवावं लागतं. दवाखाना बदलला किंवा ड्यूटीवर नवे डॉक्टर असले, तर रक्त काढण्याआधीच त्यांना सांगा की हे इंजेक्शन चालू आहे आणि शेवटचा डोस अमुक तारखेला झाला.